‘थांब, जरा मागे घे!’

मे २०२५ मधले ते दिवस आठवतात? भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला होता आणि प्रत्येक ग्रुपवर दर थोड्या वेळाने नवा व्हिडिओ येऊन पडत होता. कुठे स्फोट, कुठे कोसळणारं विमान, कुठे रात्रीच्या आभाळात सुटलेली क्षेपणास्त्रं. त्यातल्या काही क्लिप चक्क व्हिडिओ गेममधल्या होत्या, काही जुन्या आणि काही भलत्याच देशातल्या. पीआयबीचा फॅक्ट चेक विभाग एकामागून एक खुलासे करत होता. पण खुलासा येईपर्यंत क्लिप कुठल्या कुठे पोहोचलेली असायची.

यातली एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ती क्लिप ग्रुपमधल्या सगळ्यांनी पाहिली होती, पण एकत्र बसून कोणीच पाहिली नव्हती. प्रत्येकाने आपापल्या मोबाइलवर, आपापल्या वेळी पाहिली, एक इमोजी टाकला आणि पुढे ढकलली. ‘सातव्या सेकंदाला डाव्या कोपऱ्यात बघ, ती सावली उलटी पडलीय’ असं कोणी म्हणालं नाही. आणि म्हणायचं ठरवलं असतं, तरी व्हिडिओतल्या नेमक्या त्या जागेवर बोट ठेवायची सोय चॅटमध्ये कुठे आहे?

हीच अडचण जगभरच्या संशोधकांना रोज येते. वर्गातला संवाद अभ्यासणारे, प्राण्यांचं वर्तन टिपणारे, बोलीभाषांची नोंद करणारे, युद्धगुन्ह्यांचे पुरावे तपासणारे असे सगळे आज व्हिडिओवर काम करतात. टीममधला एक जण पुण्यात, दुसरा नांदेडमध्ये, तिसरी नेदरलँड्समध्ये. यांनी मिळून एकच व्हिडिओ तपासायचा कसा? पटकन सुचणारं उत्तर म्हणजे ‘स्क्रीन शेअर कर की!’ पण प्रकरण एवढ्यावर भागत नाही. का, ते समजून घ्यायला १९९२ मध्ये जावं लागेल.

एक वर्ष, दोन रिप्ले

नोव्हेंबर १९९२. डर्बनमध्ये भारत-दक्षिण आफ्रिका कसोटी सुरू होती. धावबादचं अपील झालं आणि मैदानावरच्या अंपायरने निर्णय टीव्हीसमोर बसलेल्या तिसऱ्या अंपायरकडे सोपवला. रिप्ले पाहून कार्ल लिबेनबर्ग यांनी फलंदाज बाद ठरवला. कसोटी क्रिकेटमध्ये अशा पद्धतीने बाद दिला गेलेला तो पहिला फलंदाज म्हणजे आपला सचिन तेंडुलकर. निर्णयावर फारसा वाद झाला नाही. बॅट रेषेच्या आत की बाहेर, एवढाच प्रश्न होता आणि फ्रेममध्ये त्याचं उत्तर दिसत होतं.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका कोर्टातही रिप्ले चालला होता. ३ मार्च १९९१ च्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय तरुणाला दांडक्यांनी मारहाण केली. समोरच्या इमारतीत राहणाऱ्या जॉर्ज हॉलिडेने ती आपल्या बाल्कनीतून कॅमेऱ्यात टिपली. टीव्हीवर पाहणाऱ्यांना वाटलं, यात आता सिद्ध काय करायचं? सगळं डोळ्यांसमोर आहे. सरकारी पक्षाचंही तेच म्हणणं होतं: टेप बघा, तीच बोलेल.

बचाव पक्षाने मात्र टेपला बोलू दिलं नाही, ते स्वतः बोलले. त्यांनी व्हिडिओ फ्रेम-फ्रेमने थांबवला. पोलीस प्रशिक्षणातल्या तज्ज्ञाने प्रत्येक फटक्याला शास्त्रीय वाटणारं नाव दिलं. इथे बळाचा वापर वाढला, इथे कमी झाला, इथे पोलीस परिस्थितीचा ‘अंदाज घेत’ आहेत, इथे किंगचं अंग जरासं हललं म्हणजे धोका अजून टळलेला नाही. सलग पाहिलं तर मारहाण दिसत होती. तुकडे करून, नावं देऊन पाहिलं तर तीच गोष्ट नियमात बसवलेली कारवाई दिसू लागली. २९ एप्रिल १९९२ रोजी आरोपी पोलीस जवळपास सगळ्या आरोपांतून सुटले. त्यानंतर उसळलेल्या दंगलीत ५० हून अधिक माणसं मेली. पुढच्या वर्षी दुसऱ्या, केंद्रीय खटल्यात चारपैकी दोन पोलीस दोषी ठरले.

चार्ल्स गुडविन या मानववंशशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये या खटल्यावर एक निबंध लिहिला. व्हिडिओवर काम करणाऱ्यांना तो आजही वाचावा लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पाहणं हे नुसतं डोळ्यांचं काम नसतं. काय ठळक करायचं, कशाला काय नाव द्यायचं, कुठे थांबायचं हे ज्याच्या हातात असतं, त्याचं पाहणं बाकीच्यांवर लादलं जातं.

आता पुन्हा स्क्रीन शेअरकडे या. मीटिंगमध्ये प्ले-पॉजचं बटण कोणाच्या हातात असतं? बहुतेक वेळा गाइड सरांच्या किंवा मॅडमच्या. ते थांबवतात तिथे सगळे थांबतात, ते दाखवतात तेच सगळ्यांना दिसतं. ‘मला मघाशी काहीतरी वेगळं वाटलं होतं’ म्हणणारी ज्युनिअर मुलगी म्यूटवरच राहते. टूल बनवणाऱ्याने याचा विचार केलेला नसतो, म्हणून टूल निमूटपणे मोठ्यांच्या बाजूने उभं राहतं.

डोंगराची रेघ कोणी ओळखली?

दूर राहून एकत्र पाहणं नीट जमलं तर काय होऊ शकतं, याचंही उदाहरण आहे. जुलै २०१८ मध्ये एक भीषण व्हिडिओ पसरला. काही सैनिक दोन स्त्रिया आणि दोन लहान मुलांना धुळीच्या वाटेवरून नेतात आणि गोळ्या घालतात. हे कॅमेरूनमधलं आहे, असं लोक म्हणत होते. सरकार म्हणालं, फेक न्यूज.

बीबीसीच्या ‘आफ्रिका आय’ या टीमने त्याचा तपास केला. त्यांच्या जोडीला अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल, बेलिंगकॅट आणि ट्विटरवरचे स्वयंसेवी विश्लेषक होते. हे सगळे एका खोलीत नव्हतेच. व्हिडिओच्या सुरुवातीला मागे डोंगरांची एक रेघ दिसते. कॅमेरूनमधल्या एका सूत्राने उत्तरेकडचा भाग सुचवला आणि उपग्रह चित्रांवरून शोध घेता घेता ती रेघ झेलेवेट नावाच्या गावाजवळच्या डोंगराशी जुळली. मग काळ शोधला. व्हिडिओतली काही बांधकामं जुन्या उपग्रह चित्रात होती, नंतरच्या चित्रात नव्हती. ती पायवाट फक्त कोरड्या महिन्यांत उमटायची. चालणाऱ्या सैनिकांच्या सावल्यांवरून सूर्याचा कोन काढला. तारीख येऊन थांबली २० मार्च ते ५ एप्रिल २०१५ च्या दरम्यान. एका सैनिकाच्या हातातली सर्बियन बनावटीची रायफलही ओळखली गेली.

दरम्यान, सरकारने सात सैनिकांना ताब्यात घेतल्याचं जाहीर केलं. सप्टेंबर २०२० मध्ये लष्करी न्यायालयाने चौघांना १० वर्षांची आणि पाचव्याला दोन वर्षांची शिक्षा सुनावली, दोघे सुटले.

लॉस एंजेलिसच्या खटल्यात आणि या तपासात फरक काय? दोन्हीकडे व्हिडिओचे तुकडे केले गेले. पण इथे प्रत्येक तुकड्यावरचा दावा दुसऱ्या कोणीतरी स्वतंत्रपणे तपासून बघू शकत होतं. डोंगर जुळतो की नाही, हे तुम्ही-आम्हीही नकाशा उघडून पाहू शकतो. ‘मी तज्ज्ञ आहे, मी सांगतो’ यावर काहीच अडलं नव्हतं. व्हिडिओसाठी चांगलं टूल बनवायचं, तर ही गोष्ट त्याच्या रचनेतच असायला हवी.

टूलमध्ये काय असायला हवं?

पहिली गरज बोट ठेवण्याची. समोरासमोर बसल्यावर आपण ‘हा बघ, इथे!’ म्हणतो आणि काम होतं. दूर बसल्यावर ‘इथे’ म्हणजे कुठे? साधारण व्हिडिओत सेकंदाला २५ किंवा ३० फ्रेम असतात. २५ धरल्या तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. नेट दोन सेकंद मागे पडलं, तर समोरचा तुमच्यापेक्षा ५० फ्रेम मागे असतो. तुम्ही ‘आत्ता!’ म्हणता तेव्हा त्याच्या स्क्रीनवर भलतंच काहीतरी चालू असतं. म्हणून प्रत्येक टिप्पणी नेमक्या वेळेला आणि फ्रेममधल्या नेमक्या जागेला चिकटलेली हवी. स्टॅनफर्ड विद्यापीठात या शतकाच्या सुरुवातीला रॉय पी यांच्या टीमने ‘डायव्हर’ नावाचं साधन बनवलं, त्यात हाच विचार होता. व्हिडिओवर एक चौकट फिरवायची, जणू कॅमेऱ्यात आणखी एक कॅमेरा, आणि बाजूला लिहायचं की मला इथे काय दिसलं. दुसरा कोणीही त्यावर क्लिक करून तुमच्या नजरेने तेवढा तुकडा पाहू शकतो.

दुसरी गरज आधी एकट्याने पाहण्याची. वरवर बघता हे उलटं वाटेल. एकत्र काम करायचं टूल आणि आधी एकट्याने? पण परीक्षेत पुढच्याचा पेपर दिसत असेल तर तुमचं उत्तर तुमचं राहत नाही. तसंच इथे. सीनिअरने आधीच ‘हा विद्यार्थी गोंधळलाय’ अशी नोंद केलेली दिसली की तुम्हालाही तो गोंधळलेलाच दिसतो. म्हणून सगळ्यांनी आपापली नोंद करेपर्यंत टूलने बाकीच्यांच्या नोंदी झाकून ठेवाव्यात आणि मग एकदम उघडाव्यात.

यात एक आकड्यांची गंमतही आहे. समजा, दोघांनी १०० क्लिप पाहिल्या आणि प्रत्येकाने ९० क्लिपना ‘नाही’, १० क्लिपना ‘हो’ असं लिहिलं. दोघांनी डोळे मिटून लिहिलं असतं, तरी त्यांची मतं सरासरी ८२ वेळा जुळली असती. कसं? ०.९ गुणिले ०.९ अधिक ०.१ गुणिले ०.१. म्हणजे ‘आमचं ८२ टक्के एकमत आहे’ या वाक्याला इथे काहीच अर्थ नाही. योगायोगाने जुळणारी मतं वजा करून खरं एकमत मोजायची पद्धत जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये दिली, तिला कप्पा म्हणतात. प्रोजेक्टमध्ये कोणी नुसती टक्केवारी दाखवली, तर कप्पा किती आला, हे जरूर विचारा.

तिसरी गरज मतभेद जपण्याची. संभाषणाचा अभ्यास करणाऱ्यांमध्ये ‘डेटा सेशन’ची जुनी रीत आहे. सगळे एकत्र बसतात, मिनिटभराची क्लिप पुन्हा पुन्हा पाहतात, मग थोडा वेळ गप्प राहून जो तो आपलं लिहितो आणि नंतर एकेक जण बोलतो. दोन-दोन तास त्या एका मिनिटावर जातात. तिथे कोणी मत बदललं, तर का बदललं हे सगळ्यांना ऐकू येतं. बऱ्याच टूल्समध्ये मात्र शेवटी एकच रकाना उरतो, ‘अंतिम कोड’. त्याआधी कोण काय म्हणालं होतं, ते पुसलं जातं. क्रिकेटमध्ये बघा, आता तिसऱ्या अंपायरचं बोलणं आपल्याला घरबसल्या ऐकू येतं. आधी पाय रेषेमागे होता का, मग बॅटला चेंडू लागला का, मग चेंडूचा मार्ग. क्रम ठरलेला आणि तर्क उघड. निर्णय पटला नाही, तरी तो कसा झाला हे कळतं. संशोधनाच्या टूलकडून किमान एवढी अपेक्षा करायला हरकत नाही.

चौथी गरज मूळ फाइल जशीच्या तशी ठेवण्याची. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला व्हिडिओ दाबून लहान केलेला असतो आणि तो कधी, कुठे काढला याची फाइलमधली माहितीही बहुतेक गळून पडलेली असते. म्हणून मूळ फाइल मिळताच तिचा ‘हॅश’, म्हणजे आकडे-अक्षरांचा डिजिटल ठसा काढून ठेवायचा. फाइलमध्ये एका बिटचा जरी फरक पडला, तरी ठसा बदलतो. संयुक्त राष्ट्रांचं मानवाधिकार कार्यालय आणि बर्कले इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने मिळून २०२० मध्ये ‘बर्कले प्रोटोकॉल’ आणला. इंटरनेटवरचा पुरावा कसा जमवायचा, कसा जपायचा, याचे निकष त्यात आहेत. त्यात तपास करणाऱ्यांच्या मनःस्वास्थ्याचाही विचार आहे. दिवसभर हिंसा बघणाऱ्याच्या मनावर परिणाम होतोच. म्हणून आवाज बंद ठेवून, छोट्या चौकटीत किंवा धूसर करून पाहायची सोय टूलमध्येच हवी.

आपल्याकडे गाडी कुठे अडते?

वर सांगितलेलं सगळं परदेशातल्या दणकट नेटवर आणि मोठ्या स्क्रीनवर ठीक आहे. आपल्याकडे अर्धा वर्ग मोबाइलवर असतो आणि महिनाअखेरीला डेटा संपलेला असतो. यावर उपाय आहे आणि तो जुनाच आहे. नेदरलँड्समधल्या नायमेखन इथल्या मॅक्स प्लांक संस्थेने बनवलेलं ‘एलान’ हे मोफत सॉफ्टवेअर भाषा आणि खुणांच्या भाषा अभ्यासणारे लोक वर्षानुवर्षं वापरतात. त्यात बोलणं, हातवारे, नजर यांच्या वेगवेगळ्या पट्ट्या असतात आणि नोंदी व्हिडिओपासून वेगळ्या, छोट्या फाइलमध्ये राहतात. व्हिडिओ काही जीबींचा, नोंदी काही केबींच्या. म्हणजे व्हिडिओ एकदाच पेनड्राइव्हने पोहोचवायचा आणि पुढे फक्त नोंदींची देवाणघेवाण करायची. इटलीतल्या तुरिन विद्यापीठाचं ‘बोरिस’ हेही मोफत आहे. प्राणिशास्त्राच्या मुलांनी ते जरूर बघावं. माकड खाजवलं की एक बटण, पळालं की दुसरं, असं सोपं काम आहे.

दुसरा अडसर भाषेचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं आहे, त्यामुळे बोलींवर काम करायला आज चांगला पाया आहे. पण विचार करा, अहिराणीत बोलणाऱ्या आजीचा व्हिडिओ आहे आणि तो तपासणारी टीम पुण्या-मुंबईची आहे. आजी वाक्याच्या शेवटी जे हसली ते कौतुकाने की टोमणा मारून, हे त्या गावातल्या माणसालाच कळणार. तो माणूस टीममध्ये यायला हवा. त्यासाठी टूल मराठीत हवं, साध्या फोनवर चालणारं हवं आणि टाइप न करता आवाजात टिप्पणी ठेवता येईल असं हवं. हल्ली एआय बोलण्याचं लिखाण करून देतं, प्रमाण मराठीत त्याने कामही हलकं होतं. पण बोलीत शब्द घसरला तर ते आपल्या मनाने जवळचा शब्द बसवतं आणि छापील अक्षरात दिसलं की आपल्याला ते खरंच वाटतं. म्हणून एआयची नोंदही सीनिअरच्या नोंदीसारखीच, आपण लिहून झाल्यावर उघडावी.

तिसरा प्रश्न परवानगीचा, आणि तो यापुढे टाळता येणार नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. संशोधनासाठी कायद्यात सवलत आहे, पण अटींसह. शिवाय १८ वर्षांखालच्या मुलांच्या डेटासाठी पालकांची पडताळता येण्यासारखी संमती, हा कायद्याचा सर्वसाधारण नियम आहे. आता आपली रीत आठवा. बी.एड.च्या इंटर्नशिपमध्ये वर्गाचा व्हिडिओ काढायचा, ड्राइव्हवर टाकायचा आणि लिंक ग्रुपवर सोडायची, ‘ज्याच्याकडे लिंक आहे तो पाहू शकतो’ ही सेटिंग ठेवून. त्या वर्गातल्या सहावीच्या मुलाने चुकीचं उत्तर दिलं, सगळे हसले, तो रडवेला झाला. आपल्यासाठी तो डेटा आहे आणि त्याच्यासाठी तो त्याच्या आयुष्यातला वाईट दिवस. बालविकासाच्या संशोधकांनी अमेरिकेत ‘डेटाब्ररी’ नावाचं व्हिडिओ ग्रंथालय उभारलं आहे. तिथे व्हिडिओत दिसणाऱ्या व्यक्तीने किती परवानगी दिली, त्यानुसार कोणाला काय बघता येईल हे ठरतं. आपल्या विद्यापीठांनी अशी सोय केली, तर मुलांना खासगी ड्राइव्हवर विसंबावं लागणार नाही.

उद्या कॉलेजात

कॉम्प्युटरवाल्यांनो, फायनल इयरला आणखी एक अटेंडन्स अ‍ॅप बनवण्यापेक्षा यातला एखादा तुकडा घ्या. नोंदी झाकून ठेवणारा आणि एकदम उघडणारा एक छोटा प्लेअर बनवला, तरी तुमच्याच कॉलेजातल्या मानसशास्त्र विभागाला तो वापरता येईल. पण कोड लिहायच्या आधी तिथे जाऊन दोन तास बसा आणि ती मंडळी व्हिडिओ कसा बघतात ते पाहा.

बाकीच्यांनी एक प्रयोग करा. चार मित्र घ्या, ग्रुपवर आलेली एखादी तीस सेकंदांची क्लिप घ्या. आधी कोणीही बोलायचं नाही. प्रत्येकाने तीनदा पाहायची आणि कागदावर लिहायचं: कितव्या सेकंदाला, फ्रेममध्ये कुठे, मला काय दिसलं. ‘काय वाटलं’ ते वेगळ्या रकान्यात. मग कागद एकदम उलटायचे. चौघांचे कागद वेगळे निघतील. कोण बरोबर, यावर लगेच भांडू नका. ‘थांब, जरा मागे घे’ म्हणा आणि तो सेकंद पुन्हा एकत्र बघा. क्लिप पुढे पाठवायची की नाही, हे त्यानंतर ठरवा.